मैदानातून स्टँडमधला माणूस दिसत नाही

प्रश्न असा आला आहे: खेळाडूने प्रेक्षकांकडे बघून हातवारे केले की त्याची मॅच फी कापतात. पण तिकीट काढून आलेला माणूस तीन तास त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत बसतो, त्याला कोणी हात लावत नाही. हा कुठला न्याय? खेळाडूने डिवचल्यामुळे खरंच दंगल होते, की ही उगाच घातलेली भीती आहे? आणि शेवटी, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मॅचला गेलो आणि मागच्या रांगेत असला एखादा इसम निघाला, तर बापाने काय करायचं?

मी बावीस वर्षं स्टेडियममध्ये प्रेक्षक सांभाळायचं काम केलं. सुरुवात गेटवर खिसे तपासण्यापासून झाली आणि शेवटची काही वर्षं अख्खा स्टँड माझ्याकडे असायचा. क्रिकेट जास्त, फुटबॉल थोडं, कबड्डीचे दोन-तीन मोसम. आमच्या कामात पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात: पाठ मैदानाकडे, तोंड लोकांकडे. त्यामुळे एवढ्या मॅचेसना हजर राहून मी बघितलेल्या षटकारांची संख्या फार कमी आहे. चेंडू उडाला की हजार माना एकदम वर जातात, आणि झेल घेतला गेला की सुटला ते त्या माना खाली कशा येतात त्यावरून कळतं. सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे लिहितोय ते मैदानाकडे पाठ केलेल्या माणसाने लिहिलंय असं समजून वाचा.

आधी दंगलीचं. आपल्याकडच्या मैदानांवरच्या मोठ्या दंगली आठवून बघा. १ जानेवारी १९६७ला ईडन गार्डन्सवर पेटलं ते जागांपेक्षा जास्त लोक आत आल्यामुळे आणि त्यांच्यावर लाठ्या चालल्यामुळे. १९६९च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवनला बाद दिलं. लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते, आणि निर्णय चुकला असं समालोचनात बोललं गेलं. मग खुर्च्या पेटल्या. १६ ऑगस्ट १९८०ला ईडनवरच मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या दोन खेळाडूंची मैदानात जुंपली, दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये बसलेले, आणि सोळा माणसं मेली. १९९६चा विश्वचषक उपांत्य सामना तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. ८ बाद १२० झाल्यावर बाटल्या आणि आग सुरू झाली, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला देऊन टाकला आणि विनोद कांबळी रडत आत गेला. यांतल्या एकाही ठिकाणी खेळाडूने प्रेक्षकांना खिजवलेलं नव्हतं.

आमच्या लाइनमधली जुनी मंडळी नव्या पोरांना जी गोष्ट मुद्दाम सांगतात ती याहून वेगळी आहे. जानेवारी १९७५, वानखेडे स्टेडियमची पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडीज. हाच लॉइड तेव्हा त्यांच्याकडून खेळत होता. त्याचं द्विशतक झालं, तेव्हा एक तरुण त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावत गेला. पोलिसांनी त्याला पकडून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बडवला. बस्स. मोडतोड, जाळपोळ, खेळ ठप्प. पब्लिक चिडलं होतं ते ना लॉइडवर, ना निकालावर. आपल्यातल्या एका पोराला काही कारण नसताना मारलं, एवढंच त्यांना दिसलं.

हे मी आधी सांगतोय, कारण गर्दी कशाने पेटते याबद्दल लोकांचा अंदाज चुकतो. शिवी, टोमणा, बोट दाखवणं, ओठावर बोट ठेवणं हे गर्दी पचवते. पचत नाही तो अन्याय. तो खरा असो वा वाटलेला, पण डोळ्यांसमोर झालेला.

आता डिवचण्याकडे वळू. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियम लिहिणारेही त्यांची सरमिसळ करतात.

पहिली, खेळाडू अख्ख्या स्टेडियमला खिजवतो. एप्रिल २०१७मध्ये माद्रिदमध्ये शेवटच्या क्षणी गोल करून मेस्सीने जर्सी काढली आणि प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदच्या बर्नाबेउ स्टेडियममधल्या प्रेक्षकांसमोर ती दोन्ही हातांनी धरून दाखवली, दुकानात कापड दाखवतात तशी. पिवळं कार्ड मिळालं. स्टेडियम गप्प. १० एप्रिल २०२३ला बेंगळुरूत लखनौने शेवटच्या चेंडूवर एका गड्याने सामना काढला आणि त्यांचा मार्गदर्शक गौतम गंभीरने चिन्नास्वामीच्या गर्दीकडे बघून ओठावर बोट ठेवलं. पब्लिकने काय केलं? चरफडलं आणि घरी गेलं. पॅट कमिन्सने तर २०२३च्या अंतिम सामन्याआधीच सांगून टाकलं होतं, की एवढी मोठी गर्दी एकदम गप्प होते ते ऐकण्यासारखं समाधान दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादमध्ये ब्याण्णव हजारांवर माणसं होती. कोहलीची दांडी उडाली आणि तो म्हणाला ते झालं. याला मी खिजवणं म्हणेन, पण ते खेळाच्या आतलं आहे. हजारो लोक एकाला हुर्यो करतात, तो एक जण हजारोंना परत करतो. हिशेब फिटला.

दुसरी, खेळाडू गर्दीतल्या एका माणसाला निवडतो. इथून भांडण सुरू होतं, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, जवळजवळ दरवेळी ते वाईट वळण घेतं.

२५ जानेवारी १९९५, लंडनमधलं सेलहर्स्ट पार्क. फुटबॉलपटू एरिक कँटोनाला लाल कार्ड मिळालं होतं, तो कडेने बाहेर चालला होता. एक माणूस रांगा उतरून खाली आला आणि त्याला वाट्टेल ते बोलला. कँटोनाने जाहिरातीच्या फळीवरून उडी घेत त्याच्या छातीवर लाथ घातली. आठ महिने बंदी, आणि कोर्टाने दिलेली तुरुंगाची शिक्षा अपिलात कमी होऊन १२० तास समाजसेवा. त्या प्रेक्षकालाही कोर्टाने दोषी धरलं, हे मात्र फार कोणाला आठवत नाही.

सप्टेंबर १९९७, टोरोंटो, भारत-पाकिस्तान. एक प्रेक्षक भोंगा घेऊन इंझमामला ‘आलू, आलू’ करत होता. आपण हसतो अजून त्यावर. पण बॅट हातात घेऊन स्टँडमध्ये शिरलेला तो धिप्पाड माणूस आणि त्याला मागे खेचणारे लोक एकदा आमच्या नजरेने बघा. ती बॅट डोक्यात बसली असती तर आज तो किस्सा म्हणून कोणी सांगितला नसता. दोन सामन्यांची बंदी झाली. फार थोडक्यात सुटला, तोही आणि क्रिकेटही.

आणि १९ नोव्हेंबर २००४, अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्सला बास्केटबॉलची मॅच. संपायला मिनिटही उरलं नव्हतं. खेळाडूंमध्ये धक्काबुक्की झाली, रॉन आर्टेस्ट बाजूला होऊन गुणलेखकांच्या टेबलावर आडवा पडला. वरून पेयाचा कप आला आणि अंगावर फुटला. आर्टेस्ट उठला तो थेट प्रेक्षकांत घुसला. त्याच्यामागे इतर खेळाडू, वरून बाटल्या, खुर्ची, सगळंच. नऊ खेळाडूंवर मिळून १४६ सामन्यांची बंदी झाली, एकट्या आर्टेस्टचा उरलेला पूर्ण मोसम गेला. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: आर्टेस्टने ज्याची गचांडी धरली, त्याने कप फेकलाच नव्हता. चुकीचा माणूस धरला होता.

मैदानातून स्टँडमधला माणूस दिसत नाही. दिव्यांच्या प्रकाशात सीमारेषेवर उभं राहून वर बघा. पहिल्या चार रांगा ओळखू येतात, पुढे नुसते रंग. आवाजाचं तर विचारूच नका, छपराला आपटून येतो. सातव्या रांगेतून आलेली शिवी तिसऱ्या रांगेतून आल्यासारखी वाटते. खेळाडू वळतो आणि ज्याच्याशी नजरानजर होते त्याच्यावर शिक्का मारतो. आणि ज्याने शिवी दिलेली असते तो तोवर खाली बघून भेळ खात असतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका रात्रीच्या टी-ट्वेंटीला आमच्या स्टँडसमोर, सीमारेषेवर पाहुण्या संघाचा एक फील्डर होता. त्याच्या हातून झेल सुटला आणि पब्लिक सुरू झालं. षटकभर नुसता हुर्यो, मग शेरेबाजी, मग कोणीतरी त्याच्या रंगावरून बोललं. मीही ऐकलं. तो वळला, बोट दाखवलं, पंचांना बोलावलं. ‘टोपीवाला’, असं वॉकीटॉकीवर माझ्यापर्यंत आलं. चौथ्या रांगेत एकच पिवळी टोपी होती. वरून ‘उचला त्याला’ असा निरोप. आम्ही दोघं गेलो, दंडाला धरून बाहेर काढला. विशीतला पोरगा, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. तो ‘मी नाही, मी नाही’ म्हणत होता. ते सगळेच म्हणतात.

पण आजूबाजूचे पण म्हणायला लागले. एक आजोबा उभे राहून म्हणाले, ‘अहो, तो नव्हे, तो गप्प बसलाय केव्हाचा.’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो तोवर अख्खा ब्लॉक उभा होता, आणि आता ते फील्डरकडे बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते. पाण्याने भरलेला पहिला ग्लास माझ्या मानेवर बसला. मग मोजले नाहीत.

अर्ध्या तासाने एका बाईंनी मोबाइलवरचं चित्रण आणून दाखवलं. ओरडणारा माणूस दोन रांगा मागे होता, चाळिशीचा, टोपीबिपी काही नाही, शेजारी बायको. तो मध्यंतरातच निघून गेला होता. मी गेटवर धावलो. पोरगा तिथेच, बाहेरच्या कठड्यावर बसलेला. तिकीट एकदा स्कॅन झालेलं असल्यामुळे त्याला कोणी आत घेत नव्हतं. साताऱ्याहून एसटीने आला होता. मी स्वतः त्याला आत नेऊन जागेवर बसवला, माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, ‘काका, सहा ओव्हर गेल्या माझ्या.’

त्या रात्रीनंतर मी माझ्या टीमला सांगून ठेवलं: मैदानातून आलेल्या बोटावर माणूस उचलायचा नाही. बोटावर फक्त ब्लॉक ठरवायचा. माणूस आपण ठरवायचा, तेही दोघांनी बघितल्यावर किंवा कॅमेऱ्यावर दिसल्यावर.

सिडनीचं उदाहरण यासाठीच मला फार शिकवणारं वाटतं. तेच मैदान, नऊ वर्षांच्या अंतराने दोन भारतीय. जानेवारी २०१२मध्ये कोहली सीमारेषेवर होता, प्रेक्षकांनी घाण बोलायला सुरुवात केली, त्याने मधलं बोट दाखवलं. फोटो जगभर गेला आणि निम्मी मॅच फी कापली गेली. काय बोलले होते ते, याची चर्चा दोन दिवसांत विरली. जानेवारी २०२१मध्ये त्याच ठिकाणी मोहम्मद सिराज होता. तो उलट बोलला नाही. चालत कर्णधार रहाणेकडे आला, रहाणे पंचांकडे गेला, खेळ जवळपास दहा मिनिटं थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. संघाला मैदान सोडायचा पर्यायही दिला होता, रहाणेने खेळायचं ठरवलं. हे बरोबरच झालं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण पुढची बातमी आपल्याकडे फार कोणी वाचली नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने चौकशी केली, वर्णद्वेषी शेरेबाजी झाली हे मान्य केलं, आणि बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते असंही सांगितलं. एवढे कॅमेरे, एवढी यंत्रणा, आणि माणसं चुकीची. माझ्या साताऱ्याच्या पोराची आठवण झाली तेव्हा.

आता तुमच्या मुख्य तक्रारीवर येतो. खेळाडूला शिक्षा आणि प्रेक्षकाला नाही, हे का? साधं कारण आहे. खेळाडूच्या पाठीवर नाव आहे, समोर वीसेक कॅमेरे आहेत, त्याने करारावर सही केलेली आहे आणि वर सामनाधिकारी बसलाय. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत अश्लील किंवा अपमानास्पद हावभाव हा वेगळा गुन्हा आहे. पहिल्या पातळीवरचा असेल तर निम्म्या मॅच फीपर्यंत दंड आणि एक-दोन डिमेरिट गुण. तासाभरात निकाल लागतो. प्रेक्षकाचं काय? स्वस्त स्टँडमध्ये तिकिटावर आसन क्रमांक छापलेला असतो, पण त्यावर कोण बसलाय हे देवाला ठाऊक. ‘सरकून घ्या हो’ म्हणत सगळे सरकलेले असतात. पकडला तर पोलीस नाव लिहून घेतात, मॅच संपल्यावर सोडतात. पुढच्या सामन्याला तो दुसऱ्या गेटने आत. ही आमची कमतरता आहे, ती मी झाकणार नाही. इंग्लंडमध्ये कोर्ट एखाद्याला काही वर्षं फुटबॉलच्या मैदानापासून दूर राहायचा हुकूम देतं आणि तो पाळला जातो. आपल्याकडे तसं काही उभं राहिलेलं नाही.

आणि खेळाडूला शिक्षा होते ती सभ्यपणासाठी आहे असं समजू नका. ती आहे पहिल्या रांगेतल्या लोकांसाठी. सप्टेंबर २००९, मँचेस्टर. फुटबॉलपटू इमॅन्युएल अडेबायोर त्याच उन्हाळ्यात आर्सेनल सोडून मँचेस्टर सिटीत आलेला. आर्सेनलचे समर्थक सामनाभर त्याला नको नको ते बोलत होते. त्याने गोल केला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊन नेमका त्यांच्यापुढे गुडघ्यांवर घसरला, दोन्ही हात पसरून. आता कॅमेरा त्याच्यावर होता, तुम्ही त्याच्या मागे काय झालं ते बघा. वरच्या रांगांतली माणसं खाली धावली. पायऱ्या जेमतेम पाऊलभर रुंद, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वरून दाब. वस्तू फेकल्या गेल्या आणि आमच्यासारखा एक स्टुअर्ड बेशुद्ध पडला. हातवारे स्टँडला होते, एका माणसाला नव्हते. तरी बिघडलं, कारण अंतर उरलं नाही. मेस्सी आणि गंभीर लांब होते, अडेबायोर हाताच्या अंतरावर गेला. त्याला २५ हजार पौंड दंड आणि दोन सामन्यांची स्थगित बंदी झाली. फुटबॉलच्या नियमांत म्हणूनच लिहिलंय, की गोलचा आनंद करताना कुंपणावर चढलात किंवा सुरक्षिततेला बाधा येईल असे प्रेक्षकांजवळ गेलात तर पिवळं कार्ड. लोकांना वाटतं पंच उगाच आनंदावर विरजण घालतोय. पंच पहिल्या रांगेतलं लेकरू बघतोय.

तरी एक गोष्ट मान्य करतो. अडेबायोरला तासभर जे ऐकावं लागलं, त्याचा दंड कोणाला झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

‘पैसे दिलेत, बोलणारच’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी उत्तर पाठ झालं होतं: पैसे खुर्चीचे दिलेत. पण खरं सांगायचं तर हुर्यो करायचा हक्क मी कोणाकडून काढून घेणार नाही. मार्च २००६मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन एक धाव काढून बाद झाला तेव्हा त्याच्याच गावाने त्याला हुर्यो केला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण कोणाला उठवायचं ते? १ एप्रिल २०२४ला हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार म्हणून तिथेच नाणेफेकीला आला, तेव्हा आवाज असा होता की संजय मांजरेकरला माइकवरून ‘बिहेव’ म्हणावं लागलं. सामन्यात रोहित शर्माने सीमारेषेवरून हाताने ‘बस करा’ अशी खूण केली. जुलैमध्ये विश्वचषक घेऊन संघ परत आला, तेव्हा तेच स्टेडियम ‘हार्दिक, हार्दिक’ करत होतं. गर्दी मनात ठेवत नाही, निदान मुंबईची तरी. हार्दिकने त्या मोसमात स्टँडकडे बघून उलट खूण केल्याचं मी तरी पाहिलं नाही, हे मी एक व्यवस्थापक म्हणून त्याचे उपकारच मानतो.

हुर्यो वेगळा आणि ऑक्टोबर २००७मध्ये त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला बघून माकडासारखे हावभाव करणं वेगळं. तिथे पोलिसांनी माणसं पकडली ते योग्यच. रंग, जात, धर्म, घरची बाई यांवर गेलं की तो प्रेक्षक राहत नाही. बाकी सगळं, ‘अरे घरी जा’, ‘रणजी खेळ’, ‘बॅट विकून टाक’, ते चालू द्यावं. विनोदी असेल तर मीही हसलोय, मैदानाकडे पाठ करून.

आता खेळाडूने डिवचलंच, तर आम्ही काय करतो? पहिली तीस सेकंदं काहीच नाही, फक्त उभं राहतो. आमची माणसं जिन्यांच्या खालच्या टोकाला येतात, हात रिकामे, काठी नाही, शिट्टी नाही. जिना मोकळा राहिला तर वरची माणसं खाली धावू शकतात, म्हणून जिन्यात उभं राहायचं, पण लोकांना ढकलायचं नाही. मग जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याच्याकडे न जाता त्याच्या शेजारच्याकडे जायचं. ‘दादा, तुमच्या मित्राला जरा बसवा, मागच्यांना दिसत नाहीये.’ मागच्यांना दिसत नाहीये, या तीन शब्दांनी जेवढे लोक बसलेत तेवढे पोलिसांच्या दंडुक्याने बसले नसतील. कारण मग दबाव आमचा राहत नाही, मागच्या रांगेचा होतो. तोवर वॉकीटॉकीवरून चौथ्या पंचाला निरोप जातो: जमलं तर फील्डर बदला. कर्णधार समजूतदार असेल तर षटक संपताच तिथे दुसरा माणूस येतो. नवा चेहरा आला की जुनं भांडण संपतं. हसरा, पब्लिककडे बघून हात हलवणारा कोणी आला तर सोन्याहून पिवळं. पाच मिनिटांत तोच ब्लॉक त्याच्या नावाने ओरडायला लागतो.

फेब्रुवारी १९९९मध्ये ईडनवर सचिन शोएब अख्तरला धडकून धावबाद झाला आणि स्टेडियम उसळलं, तेव्हा सचिन आणि आयसीसीचे त्या वेळचे अध्यक्ष जगमोहन दालमिया स्वतः मैदानाला फेरी मारायला निघाले, लोकांना हात जोडत. थोडा वेळ शांत झालंही. पण शेवटच्या दिवशी परत पेटलं आणि हजारो लोकांना बाहेर काढून रिकाम्या स्टँडसमोर सामना संपवावा लागला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी चेन्नईत भारत १२ धावांनी हरला होता आणि लोकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या होत्या. देश तोच, प्रतिस्पर्धी तोच, हीरो तोच. कोणी म्हणतं चेन्नईचं पब्लिक सुसंस्कृत. मला ते पटत नाही. चेन्नईत लोक हरले, पण त्यांना कोणी फसवलंय असं वाटलं नव्हतं. ईडनवर वाटलं होतं.

कबड्डीबद्दल दोन ओळी, कारण विचारतात लोक. मांडीवर थाप मारणं, रेड यशस्वी झाल्यावर ओठावर बोट ठेवणं, हे तिथे रोजचं आहे, आणि प्रेक्षक मॅटपासून क्रिकेटच्या मानाने हाकेच्या अंतरावर असतात. तीन मोसमांत मला एकदाही धावत जावं लागलं नाही. सामना चाळीस मिनिटांचा, पुढची रेड अर्ध्या मिनिटात, राग धरायला वेळच नाही. क्रिकेटमध्ये फील्डर तासभर तुमच्यासमोर एकटा उभा असतो आणि त्याला काही काम नसतं. भांडण रिकामपणातून होतं.

राहिला मुलीचा प्रश्न. तिकीट काढताना सीमारेषेजवळच्या पहिल्या पाच-सहा रांगा टाळा, ओरडणारे तिथेच जमतात, कारण तिथून खेळाडूला ऐकू जातं. वरचा मजला घ्या, खेळही जास्त कळतो. तरी मागे असला इसम निघालाच, तर स्वतः वळून त्याच्याशी बोलू नका. मुलीसमोर तुम्ही कमी पडलात असं त्याला दाखवायचं असतं आणि तुम्हालाही तसं दाखवून चालत नाही, मग दोघंही अडकता. पाणी आणायला म्हणून उठा, जिन्यापाशी आमचा माणूस जॅकेट घालून उभा असेल, त्याला हळू आवाजात ब्लॉक, रांग आणि तुमचा आसन क्रमांक सांगा. ‘माझ्या मागे, उजवीकडून दुसरा, निळा शर्ट’, असं. त्याच्याकडे बोट दाखवू नका. आणि आमच्या माणसाने तुम्हाला दोनदा विचारलं, ‘नक्की तोच ना?’, तर चिडू नका. पाणी घेऊन दोन ओव्हरनंतर परत या. एवढ्या वेळात बहुतेक वेळा काम झालेलं असतं.